आधी टेबल, मग गोष्ट: सुपरहिरो संघांची घरं (प्रकल्प नोंदी)

2 मार्च 2025

वाचनालयाचा होकार आला. मे महिन्यात पाच दिवस वरच्या मजल्यावरचा हॉल मिळणार. अमेरिकन कॉमिक्समधल्या सुपरहिरो संघांची राहण्या-बसण्याची ठिकाणं पुठ्ठ्यात उभी करायची आणि प्रत्येकाशेजारी तो संघ कसा जमला हे सांगणारा फलक लावायचा. मी दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. खऱ्या इमारतींची मॉडेलं खूप केली. कुणी कधीच न बांधलेल्या इमारतीचं मॉडेल करायला पहिल्यांदाच मिळतंय.

थर्माकोल वापरायचा नाही. भिंतींना माउंट बोर्ड, पायाला सनबोर्ड, काचांना पारदर्शक ओएचपी शीट. भाची ईरा (आठवी) कापायला मदत करणार. कटर मात्र माझ्याच हातात राहील.

पहिला वाद पाटीवर काय लिहायचं यावर झाला. ‘मुख्यालय’ म्हटलं की पोलीस आयुक्त आठवतात आणि ‘अड्डा’ म्हटलं की गुंड. ईरा म्हणाली, “मावशी, सरळ घर लिही ना. ते तिथे जेवतात, भांडतात, झोपतात.” घर ठरलं.

8 मार्च

कालानुक्रमे सुरुवात करायची म्हणून आधी जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका घेतली. ‘ऑल स्टार कॉमिक्स’चा तिसरा अंक, 1940-41 चा हिवाळा. वेगवेगळ्या मासिकांतले आठ नायक पहिल्यांदाच एकत्र बसलेले: फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, सँडमन, डॉक्टर फेट, स्पेक्टर, अवरमन आणि अ‍ॅटम. एकत्र येऊन ते काय करतात? लढत नाहीत. टेबलाभोवती बसून प्रत्येकजण आपापली एकेक हकिगत सांगतो. कॉमिक्समधला पहिला सुपरहिरो संघ म्हणजे एक गप्पांची बैठक.

मॉडेल करायला इमारतच नाही, म्हणून गोल टेबल आणि आठ खुर्च्या करायला घेतल्या, 1:20 ला. खुर्चीचे पाय बांबूच्या काड्यांचे.

मग फलकाचा मजकूर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की या संघाची उगमकथा त्या अंकात नाहीच. ती 1977 मध्ये आली, ‘डीसी स्पेशल’च्या 29 व्या अंकात. पॉल लेव्हिट्झ यांचं लेखन, जो स्टॅटन यांची चित्रं. 1940 मध्ये हिटलरच्या हल्ल्याचा बेत हाणून पाडायला हे सगळे गोळा होतात आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यांना एकत्र राहायला सांगतात, अशी ती कथा. म्हणजे टेबल आधी आणि ‘आपण या टेबलाशी का बसलो’ हे सदतीस वर्षांनी.

नववी खुर्चीही करायची आहे. 1942 मध्ये वंडर वूमन आली आणि तिला काम दिलं सचिवाचं. त्या टेबलाशी तिच्याइतकं ताकदवान फार कुणी नव्हतं. तिची खुर्ची मी इतरांएवढीच करणार, वहीपेन ठेवणार नाही.

15 मार्च

आता जस्टिस लीग, म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे सात जणांचा संघ. त्यांची गुहा. साल 1960, ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’चा 28 वा अंक, लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार माइक सेकोव्स्की. गुहा र्‍होड आयलंड राज्यातल्या हॅपी हार्बर या काल्पनिक गावाजवळ. बाहेरून डोंगर, आत सगळ्या सोयींनी सज्ज सभागृह.

पहिली लढाई स्टारोशी. हा अंतराळातून आलेला अवाढव्य तारामासा गावातल्या सगळ्यांची मनं ताब्यात घेतो, पण स्नॅपर कार हा गावातला पोरगा त्याला वश होत नाही. कारण त्याच्या अंगाला चुना लागलेला असतो, घरासमोरच्या हिरवळीवर टाकलेला साधा चुना! हा शोध हवेतला नाही. ऑयस्टरची शेती करणारे लोक तारामासे मारायला खरोखरच चुना वापरत आले आहेत. नायक शेवटी स्टारोला चुन्यातच बुडवतात आणि स्नॅपर मानद सदस्य होतो. मला ही गोष्ट फार आवडते. सात महाबलींच्या मध्ये एक सामान्य मुलगा येऊन बसतो तो पराक्रमाने नाही, अंगाला लागलेल्या चुन्यामुळे.

इथेही तेच: या अंकात संघ आधीच जमलेला आहे. कसा जमला ते 1962 मध्ये, ‘जस्टिस लीग’च्या नवव्या अंकात कळतं. अपेलॅक्स ग्रहाच्या गादीसाठी झगडणारे परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात आणि त्यांच्याशी वेगवेगळे लढताना या नायकांची गाठ पडते. घर आधी, गोष्ट नंतर.

डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा केला, गणपतीच्या आरासीला करतो तसाच. वाळायला तीन दिवस.

16 मार्च

रात्री झोपच लागेना. फलक चुकीच्या जागी लावतोय असं वाटायला लागलं. प्रतिकृती इकडे आणि उगमकथा तिकडे शेजारी, म्हणजे जणू दोन वेगळ्या वस्तू. पण त्या लेखकांनी आधी माणसं एका छपराखाली आणली आणि मग वर्षानुवर्षं त्या छपराचं कारण शोधत राहिले. गोष्ट घराच्या आतच असायला हवी. ठरवलं: फलक रद्द. प्रत्येक मॉडेलचं छप्पर उचलता येईल आणि उगमकथा आत फरशीवर लिहिलेली असेल. वाचायची तर वाकून घरात डोकवावं लागेल.

याचा अर्थ गुहेचा वाळत आलेला डोंगर फोडून दोन तुकड्यांत करायचा. केला.

23 मार्च

बॅक्स्टर बिल्डिंग. हे माझं सगळ्यात आवडतं घर, म्हणून हात आखडता घेणार नाही.

जस्टिस लीगचा खप पाहून मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेनेही संघ काढायचं ठरवलं आणि नोव्हेंबर 1961 ची तारीख घातलेला ‘फँटॅस्टिक फोर’चा पहिला अंक आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोव्हिएत अंतराळवीर गागारिन अंतराळात जाऊन आला होता आणि अमेरिकेत मागे पडल्याची बोच ताजी होती. अंकातले चौघे, रीड, सू, जॉनी आणि बेन, परवानगी न घेता रॉकेट उडवतात ते ह्याच घाईत. अंतराळातल्या किरणांचं संरक्षक कवच अपुरं असतं. बेन आधीच बजावतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही, आणि शेवटी दगडाचं शरीर त्याच्याच वाट्याला येतं. रीडने त्या चुकीचं ओझं पुढे जन्मभर वाहिलं. इथे उगमकथा पहिल्याच अंकात आहे आणि घर नाही. घर आलं तिसऱ्या अंकात, मार्च 1962 ला, आडवा छेद काढलेल्या चित्रासह: कुठे उडती गाडी, कुठे रॉकेट, कुठे राहायच्या खोल्या. ‘बॅक्स्टर बिल्डिंग’ हे नाव सहाव्या अंकात.

मी पोटासाठी सेक्शन काढते. शाळेत असताना असा छेद पाहिला आणि इमारत कापून आतलं दाखवता येतं हे पहिल्यांदा कळलं. माझ्या धंद्याची सुरुवात तिथूनच झाली असं मी मानते.

मापं: इमारत 35 मजली, त्यातले वरचे पाच यांच्याकडे. मजल्याला 3.6 मीटर धरले तर पूर्ण उंची 126 मीटर. 1:100 ला सव्वा मीटरचं मॉडेल होईल, पण मग हवे ते पाच मजले जेमतेम 18 सेंटिमीटर भरतील आणि काहीच दिसणार नाही. म्हणून फक्त वरचे पाच 1:50 ला, उंची 36 सेंटिमीटर. खालचे तीस मजले लाकडी खांबावर नुसते रंगवायचे. नाहीतरी तिथे साधी ऑफिसं आहेत.

30 मार्च

पाचही मजले उभे राहिले. गेटवे शीटचे जिने ईराने एकटीने दुमडले. दोन वाकडे झाले होते, तिने न सांगता परत केले.

आत काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. किरणांची कथा हवीच, पण तिच्याबरोबर नवव्या अंकाची (डिसेंबर 1962) गोष्टही खालच्या फरशीवर घेतली. रीडचे पैसे शेअरबाजारात बुडतात आणि चौघांना जागा सोडायची वेळ येते. जगाला वाचवणाऱ्या माणसांचं भाडं थकतं! आमच्या वाचनालयात येणाऱ्या कुठल्याही पोराला घरभाडं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्यांच्यावर संकट येतं ते एकमेकांचे घरचेच आहेत, नवरा-बायको होऊ घातलेले दोघे, बायकोचा भाऊ आणि जुना मित्र. म्हणून यांचं घर गुहा नाही, कुणाची देणगीही नाही. शहराच्या मध्यभागी, लोकांना पत्ता माहीत असलेली भाड्याची जागा. टपाल घेऊन येणारा विली लंपकिनसुद्धा कथेतलं कायमचं पात्र आहे.

हे घर उपटलंही तसंच गेलं. सहाव्या अंकात त्यांचा शत्रू डॉक्टर डूम याने इमारत अख्खी अंतराळात खेचून नेली होती, तेव्हा ती परत जागेवर बसली. 1985 मध्ये, 278 व्या अंकात, डूमचा वारस क्रिस्टॉफ याने तीच युक्ती केली आणि या वेळी इमारत वर नेऊन उडवून दिली. त्या जागी फोर फ्रीडम्स प्लाझा उभा राहिला. नाव रूझवेल्ट यांच्या 1941 च्या भाषणातल्या चार स्वातंत्र्यांवरून. पहिल्या टेबलावरचे रूझवेल्ट इथेही भेटले.

यावरून सुचलं: वरचे पाच मजले खांबावर चिकटवायचे नाहीत, चुंबकाने बसवायचे. मुलांना ते उचलून नेता आले पाहिजेत.

6 एप्रिल

स्नॅपर कारकडे परत. गुहा का सोडली हे गुहेत सांगितलंच पाहिजे.

1969 च्या अखेरीस, 77 व्या अंकात, जॉन डो नावाचा एक गोड बोलणारा माणूस स्नॅपरच्या मनात भरवतो की साध्या माणसांना या महाबलींची गरज नाही. स्नॅपर त्याला गुहेचा पत्ता लागू देतो. तो माणूस म्हणजे बॅटमॅनचा शत्रू जोकर. लेखक डेनिस ओ’नील, चित्रं डिक डिलिन यांची. पुढच्याच अंकात संघ पृथ्वी सोडून उपग्रहात राहायला जातो.

ही कथा पुन्हा वाचताना मला राग आला तो स्नॅपरचा नाही. ज्या मुलाला त्यांनी टेबलाशी बसवलं, तो नऊ वर्षं खुर्चीत बसून होता आणि त्याच्याशी कुणी मनातलं बोलल्याचं दिसत नाही. मग बाहेरचा कुणीतरी बोलला. गुहेच्या फरशीवर मी चुन्याचा खरा चिमूटभर पांढरा पट्टा ओढलाय, दारापासून त्याच्या खुर्चीपर्यंत.

12 एप्रिल

आजचा दिवस हिशोबाचा, आणि मजेचा.

उपग्रहाची उंची कॉमिक्समध्ये 22,300 मैल दिली आहे, म्हणजे सुमारे 35,900 किलोमीटर. हा आकडा मनाने ठोकलेला नाही. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो आणि जमिनीवरून पाहता एकाच जागी थांबलेला दिसतो. आपले दूरसंचार उपग्रह तिथेच असतात. हा अंक 1970 च्या सुरुवातीचा. आधीच्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला होता, तेव्हा गुहेत राहणं मागासलेपणाचंच वाटलं असणार.

वाचनालयातला पृथ्वीगोल 30 सेंटिमीटर व्यासाचा. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर धरला तर उपग्रह गोलापासून साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर टांगायचा. ईराला वाटत होतं गोलाला जवळजवळ चिकटून असेल. तिने टेप लावून दोनदा मोजलं.

मग मी म्हटलं, आता चंद्र. कारण 1997 मध्ये, लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार हॉवर्ड पोर्टर यांच्या काळात, जस्टिस लीगने चंद्रावर वॉचटॉवर हे नवं घर बांधलं. 3,84,400 किलोमीटर म्हणजे याच मापाने नऊ मीटर पाच सेंटिमीटर. हॉल 26 फुटांचा, आठ मीटरही नाही. चंद्र दाराबाहेर जिन्यावर टांगावा लागणार! आकार आठ सेंटिमीटर, मोसंबीएवढा. त्यावर वॉचटॉवर मापात दाखवणं अशक्य, म्हणून टाचणीचं डोकं लाल रंगवून खोचलं.

मधल्या काळात, 1984 मध्ये, हा संघ डेट्रॉइट शहरातही राहून गेला. जागा नाही, गाळला.

18 एप्रिल

अ‍ॅव्हेंजर्सचा वाडा. पत्ता 890, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, मॅनहॅटन. पत्ता काल्पनिक असला तरी वाडा जवळजवळ खरा आहे. तो हेन्री क्ले फ्रिक या पोलादसम्राटाच्या सत्तराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरावर बेतला आहे. ते 1914 मध्ये पूर्ण झालं आणि 1935 पासून चित्रसंग्रहालय म्हणून खुलं आहे. योगायोग असा की दुरुस्तीनंतर ते कालच, 17 एप्रिलला, पुन्हा उघडलं. खऱ्या इमारतीचे फोटो भरपूर मिळाल्यामुळे दर्शनी भाग दोन दिवसांत झाला.

संघ सप्टेंबर 1963 च्या पहिल्या अंकात अपघाताने जमतो. थॉरचा कपटी भाऊ लोकी हल्कवर बालंट आणतो, हल्कचा मित्र रिक जोन्स मदतीसाठी फँटॅस्टिक फोरला रेडिओ संदेश पाठवतो, लोकी तो भलतीकडे वळवतो आणि थॉर, आयर्न मॅन, अँट-मॅन, वास्प येऊन पोहोचतात. नाव वास्प सुचवते. एकमेकांशी नातं नाही, मैत्री नाही. अशा लोकांना घर द्यायचं तर कुणीतरी श्रीमंतानेच द्यावं लागतं. टोनी स्टार्क वाडा देतो, खर्च आईच्या नावाच्या संस्थेतून. दुसऱ्याच अंकात हल्क निघून जातो. चौथ्या अंकात बर्फातून कॅप्टन अमेरिका सापडतो आणि ज्याचा सगळा काळच मागे राहिला, त्याला हा वाडा खरोखरच घर होतो.

म्हणून वाड्याच्या आत 1963 ची कथा एका खोलीत आणि 1986-87 ची बाकी सगळीकडे. रॉजर स्टर्न आणि जॉन ब्युसेमा यांच्या 273 ते 277 या अंकांत बॅरन झेमो मोठी टोळी घेऊन वाड्यात शिरतो, घरचेच जिने आणि घरच्याच भिंती घरच्यांविरुद्ध वापरतो. हर्क्युलीस मरणाच्या दारात जातो. खानसामा जार्व्हिसला मारहाण होते, ज्याच्याकडे कुठलीही शक्ती नाही. आणि कॅप्टन अमेरिकाच्या आईचा एकुलता एक फोटो फाडला जातो. जिंकल्यावर तो ढिगाऱ्यात बसून त्या फोटोसाठी रडतो. शेकडो अंकांत शहरं कोसळताना पाहिली. मला आठवतो तो हा एवढासा कागद.

कॅप्टनच्या खोलीत 1:100 ला फोटो म्हणजे दीड मिलिमीटर. काळ्या पांढऱ्या कागदाचा कण, मधोमध फाडलेला. चिमट्याने ठेवला. कुणाला दिसेल न दिसेल.

23 एप्रिल

अडचण. प्रिंटिंगवाल्याने फरशांचे कागद उलट्या क्रमाने छापले, सगळे परत. चार दिवस गेले. दरम्यान जस्टिस लीगच्या आणखी एका घराचा, हॉल ऑफ जस्टिसचा, अर्धघुमट केला: 1973 च्या टीव्ही कार्टूनमधला, सिनसिनाटीच्या युनियन टर्मिनल या 1933 च्या रेल्वे स्थानकावर बेतलेला. कॉमिक्सच्या मुख्य कथेत तो 2007 मध्ये आला, म्हणजे पडद्यावरून कागदावर. मूळ घुमट 180 फूट रुंद, 1:200 ला साडेसत्तावीस सेंटिमीटर. मुंबईत चर्चगेटसमोरचं इरॉस थिएटर ज्या आर्ट डेको शैलीतलं, त्याच शैलीतलं हे स्थानक. पुठ्ठा दोनदा वळला, तिसऱ्यांदा ओल्या कापडाखाली ठेवून बसला.

27 एप्रिल

एक्स-मेन. न्यूयॉर्कच्या उत्तरेला वेस्टचेस्टरमध्ये प्रोफेसर झेव्हियरची शाळा. ही त्याच्या वाडवडिलांची वास्तू. साल तेच, सप्टेंबर 1963. अपघात नाही, किरण नाहीत, ही मुलं म्यूटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती असलेली. प्रत्येकासाठी नवा अपघात शोधायचा कंटाळा आला होता असं ली स्वतःच सांगत. पण त्यातून जे झालं ते मोठं आहे. जन्मामुळे जग ज्यांना नाकारतं त्यांना शाळा हवी, म्हणून घर आणि शाळा एकच. पहिल्याच अंकात जीन ग्रे नवी विद्यार्थिनी म्हणून दारात उभी आहे. मॉडेलचं दार त्यासाठी उघडं ठेवलं.

शाळेमागे एक हिरवं बेट ठेवलंय, शेवाळ आणि स्पंजचं. क्राकोआ. 1975 मध्ये लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ घडवला, केनियातून स्टॉर्म, जर्मनीतून नाइटक्रॉलर, रशियातून कोलोसस, कॅनडातून वुल्वरिन, तो या जिवंत बेटाने गिळलेल्या जुन्या संघाला सोडवायला. चव्वेचाळीस वर्षांनी, 2019 मध्ये, लेखक जोनाथन हिकमन यांनी त्याच बेटाला म्यूटंटांचा देश केलं. जिथे संघ जन्मला, तीच राक्षसी जमीन घर झाली. सगळ्या कामात मला सापडलेलं हे सगळ्यात सुंदर वळण.

2 मे

ग्रंथपाल काका हट्टाला पेटले: “अहो, वेताळाशिवाय कसलं प्रदर्शन? इंद्रजालचे मराठी अंक आम्ही रांगा लावून घ्यायचो.” वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम. मी म्हटलं, काका, तो एकटा आहे, संघ नाही. “एकटा कसला? एकवीस पिढ्यांचा आहे तो.” मला उत्तर सुचलं नाही. बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून 1536 मध्ये घेतलेली शपथ, आणि राहायला कवटीच्या तोंडाची गुहा. उरलेल्या लगद्यातून रात्रीत कवटी केली. दारातच ठेवली.

9 मे

प्रदर्शनाचा तिसरा दिवस. बॅक्स्टरचे मजले उचलून पळवण्याचा खेळ सकाळपासून चालू आहे. एक चुंबक निघाला, फेविक्विकने बसवला. मोठी माणसं वाकून वाचायला कुरकुरतात, मुलं सरळ जमिनीवर बसतात.

दुपारी एक सहा-सात वर्षांची मुलगी जस्टिस सोसायटीच्या टेबलाशी बराच वेळ थांबली. नववी खुर्ची कुणाची विचारलं. सांगितलं. तिने ती थोडी पुढे सरकवली, टेबलाला टेकेल अशी. मी परत मागे घेतली नाही.

जिन्यातला चंद्र वाऱ्याने भिंतीवर आपटतोय. आज संध्याकाळी दोरा बदलून नायलॉनचा लावायचा, आणि टाचणी पुन्हा लाल करायची.